नादानें नादाचें शमन

शाळेच्या स्नेहसंमेलनांत भाषण ऐन रंगांत आलें असतां कर्ण्यांतून एकाएकीं कर्कश शीळ निघते, हा अनुभव आपणां सर्वांस आहे. कर्ण्याचा आवाज मायक्रोफोननें पुन्हा घेतला, तो वाढून पुन्हा कर्ण्यांतून बाहेर पडला, आणि हें चक्र फिरतच राहिलें, म्हणजे ती शीळ उत्पन्न होते. स्वतःच्या कृतीचा परिणाम ज्या यंत्रास नीट ओळखतां येत नाहीं, तें बेफाम होतें. मोटारींत एंजिनाची घरघर शांत करण्याची जी योजना कांहीं गाड्यांत असते, तिलाही हेंच भय आहे. तें कसें उत्पन्न होतें व त्याचें निवारण कसें करितात, याचा आम्ही येथें थोडक्यांत विचार करणार आहों.

आपलें कोल्हापूर एंजिनांस परकें नाहीं. शिरोली व गोकुळ शिरगांव येथील फाउंड्र्यांत मोटारींचे ओतीव भाग तयार होतात. चार सिलिंडरांच्या फोर-स्ट्रोक एंजिनाच्या प्रत्येक फेऱ्यांत दोन स्फोट होतात. म्हणून तें मिनिटास ३००० फेरे करीत असतां सेकंदास १०० स्फोट होतात, आणि गाडींत सेकंदास १०० कंपनांचा खर्ज घुमूं लागतो. ध्वनि हवेंत सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो. तेव्हां या नादाची एक लाट ३.४ मीटर लांब झाली. इतकी लांब लाट पातळ नमद्यास दाद देत नाहीं. तिला अडवावयाचें तर जड आच्छादनें लागतात. त्यांनीं गाडीचें वजन वाढतें आणि इंधनही अधिक जळतें.

यावर दुसरा उपाय आहे. रंकाळ्याच्या कांठीं उभें राहून पाण्यांत जवळजवळ दोन खडे टाकावे. एका लाटेचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर आला, म्हणजे तेवढ्या जागीं पाणी सपाट होतें. ध्वनीचेंही तसेंच आहे. नादाच्या बरोबर उलट नाद सोडून पहिल्याचें शमन करावें, या कल्पनेचें पेटंट जर्मनीच्या पॉल ल्यूग यांस १९३६ सालीं अमेरिकेंत मिळालें. आजच्या मोटारींतील संगणक एंजिनाच्या फेऱ्यांवरून नादाची कंपनसंख्या जाणतो व कर्ण्यांतून उलट नाद सोडतो. छतांतील मायक्रोफोन उरलेला आवाज मोजून त्यास कळवितात, आणि तो आपल्या नादाचा जोर व वेळ थोडी थोडी बदलीत जातो. चुकीवरून शिकत जाण्याचा असा नियम विड्रो व हॉफ या शास्त्रज्ञांनीं अमेरिकेंत १९६० सालीं मांडला.

मेख येथेंच आहे. कर्ण्यापासून मायक्रोफोनपर्यंत नाद कसा व किती वेळांत पोंचतो, हें संगणकास आधीं ठाऊक असावें लागतें. या माहितींत पाव कंपनाहून अधिक चूक झाली, तर सुधारणेची दिशाच उलटी होते. सेकंदास १०० कंपनें असतां पाव कंपन म्हणजे एका सेकंदाचा केवळ चारशेंवा भाग. तेवढ्यांत ध्वनि ८५ सेंटिमीटर जातो. एंजिनाचे फेरे दुप्पट झाले, कीं ही सवलतही निम्मी होते. मग कमी करावयास गेलेला आवाज प्रत्येक सुधारणेबरोबर वाढत जातो, आणि रोगापेक्षां औषध जालीम ठरतें.

समजा, आपण रत्नागिरीहून कोल्हापुरास परत येत आहों. साखरपा मागें पडलें, आंबा घाटाची चढण लागली. चालकानें गिअर उतरविला, फेरे चढले. आणि गार वाऱ्यासाठीं मुलांनीं कांचा खालीं केल्या. त्याच क्षणीं गाडींतील ध्वनीचा मार्ग बदलला! अशा वळणावर गाडींत अकस्मात् गर्जना उठून चालकाचें चित्त विचलित होणें किती घातक, हें सांगणें नलगे.

म्हणून कुशल रचनाकार चार बंधनें पाळतात. पहिलें, सुधारणा लहान पावलांनीं करणें. फार घाई केल्यास मागील पावलाचा परिणाम कळण्यापूर्वींच पुढचें पडतें. परंतु एवढ्यानें भागत नाहीं, कारण दिशा चुकलेला मनुष्य हळू चालला तरी मुक्कामास पोंचत नाहीं. म्हणून दुसरें, कांचा उघड्या व मिटलेल्या, आसनें भरलेलीं व रिकामीं, अशा निरनिराळ्या स्थितींत ध्वनीचा मार्ग आधींच मोजून ठेवणें. तिसरें, संगणकानें शिकलेलें प्रत्येक पावलास किंचित् विसरत जाणें. त्यामुळें थोडी घरघर शिल्लक राहते, पण चूक सांचून डोंगर होत नाहीं. चौथें, आवाजास मर्यादा घालणें, आणि उरलेला नाद वाढूं लागतांच यंत्रानें स्वतः गप्प बसणें.

पालकांसही एक सूचना करावीशी वाटते. अशा गाडीचे कर्णे बदलल्यास अथवा छतांतील मायक्रोफोन झांकल्यास मोजलेला मार्ग खोटा ठरतो. त्यानंतर गाडी घुमूं लागली, तर एंजिनास दोष देण्यापूर्वीं कारागिरास हा फेरफार अवश्य सांगावा.

विद्यार्थीमित्रहो, दुसऱ्याचा गोंगाट शांत करूं पाहणाऱ्यानें प्रथम आपल्या आवाजाचा परिणाम ऐकावा, आणि आपलें अनुमान चुकलें असें दिसतांच थांबावें. जें शहाणपण यंत्रास शिकवावें लागतें, तें आपणांस तरी का अवघड असावें?