खुराडे बंद की उघडे?

परसात आठ-दहा कोंबड्या पाळायच्या ठरल्या, की पहिला प्रश्न येतो खुराड्याचा. बहुतेक जण सांगतील, "भक्कम करा, आत काही शिरता कामा नये!" आमच्या घरीही तसेच केले होते. चारी बाजूंना फळ्या, वर पत्रा आणि एक लहानसे दार. मांजर कधी आत शिरले नाही. पण मे महिन्यातल्या एका दुपारी वळवाचे ढग आले म्हणून कोंबड्या आत कोंडल्या, आणि संध्याकाळी दार उघडले तर दोन मरून पडलेल्या! त्यांना कोणी मारले?

कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते आणि तिला घर्मग्रंथी नसतात. आपल्याला घाम येतो, त्याची वाफ होताना शरीरातील उष्णता खर्च होते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास जवळजवळ ५८० कॅलरी उष्णता लागते. कोंबडी हेच काम धापा टाकून करते. कडक उन्हात चोच उघडून, पंख अंगापासून दूर धरून उभी राहिलेली कोंबडी तुम्ही पाहिली असेलच. आता बंद खुराड्यात दहा कोंबड्या धापा टाकत आहेत अशी कल्पना करा. आतली हवा दमट होत जाते. दमट हवेत बाष्पीभवन मंदावते, म्हणून कोंबड्या आणखी धापा टाकतात आणि हवा आणखी दमट होते. वरून पत्रा तापलेला असतोच.

तेव्हा भक्कमपणा हवा, पण हवेला वाट ठेवून. खुराड्याची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा. म्हणजे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन फक्त आखूड भिंतींवर पडेल. पश्चिमेची भिंत पूर्ण बंद करा. आपल्याकडे पावसाची झडही बहुधा त्याच बाजूने येते. उत्तर व दक्षिण बाजूंना खाली फूटभर फळी आणि वर जाळी असावी. षट्कोनी भोकांची बारीक तारेची जाळी स्वस्त मिळते, पण कुत्रा ती फाडतो आणि मांजराचा पंजा तिच्यातून आत जातो. अर्ध्या इंचाच्या चौकोनांची वेल्ड केलेली जाळी घ्या. पत्र्यावर गवत किंवा झावळ्या पसरा आणि छप्पर दोन फूट पुढे काढा.

एका कोंबडीला अडीच चौरस फूट जागा धरली तर दहांना २५ चौरस फूट, म्हणजे सात फूट बाय चार फूट पुरे. रात्री बसायला दांड्या हव्यात. त्या सगळ्या एकाच उंचीवर लावा, नाहीतर वरच्या दांडीसाठी रोज भांडणे!

जमिनीवर भाताचे तूस पसरा आणि ते कोरडे ठेवा. विष्ठेतला पांढरा भाग हा मुख्यतः युरिक आम्ल असतो. ओलीत जंतू त्यापासून अमोनिया तयार करतात. तो तयार होतो जमिनीलगत, आणि कोंबडीचे नाक तिथून फार तर हातभर उंच. उभ्या माणसाला वास येत नाही एवढ्यावरून खुराड्यातील हवा चांगली आहे असे समजू नका.

घरी खुराडे असेल तर एक प्रयोग करा. तांबडा लिटमस कागद पाण्यात भिजवून, पहाटे दार उघडण्यापूर्वी नव्हे, तर दार उघडताच तूसापासून वीतभर उंचीवर पाच मिनिटे धरा. तो निळसर झाला, तर तूस बदला आणि जाळीवरची गोणपाटे वर गुंडाळा.