डोंगरावरचा शेवटचा बर्फ

(स्कॉटलंडमधील केअर्नगॉर्म डोंगररांगेत काही हौशी मंडळी दरवर्षी कॅमेरा घेऊन एकाच ठिकाणी जातात. ती तेथे का जातात आणि त्यांच्या छायाचित्रांतून काय समजते, हे या पाठात सांगितले आहे.)

ब्रिटनच्या उत्तर भागाला स्कॉटलंड म्हणतात. तेथे केअर्नगॉर्म नावाची डोंगररांग आहे. बेन मॅकडुई हे तिच्यातील सर्वांत उंच शिखर. त्याची उंची १,३०९ मीटर आहे.

तेथील जुन्या गेलिक भाषेत या रांगेला ‘लाल डोंगर’ म्हणतात. पण ज्या शिखरावरून रांगेला आजचे नाव पडले, त्याच्या नावाचा अर्थ मात्र ‘निळा डोंगर’ असा आहे. गंमत अशी, की दोन्ही नावे खरी आहेत. जवळून पाहिले तर तेथील ग्रॅनाइटचा दगड तांबूस दिसतो. दुरून पाहिले तर तेच डोंगर निळे दिसतात.

येथे छायाचित्र काढणाऱ्याला उजेडाची वाट पाहावी लागते. जूनमध्ये रात्री दहापर्यंत सूर्य मावळत नाही. डिसेंबरमध्ये तो दुपारी चारच्या आधीच मावळतो आणि भर दुपारीही क्षितिजाजवळच राहतो. अशा तिरप्या उन्हात सावल्या लांब पडतात. त्यामुळे डोंगराचे चढउतार छायाचित्रात ठळक उमटतात. ऑगस्टमध्ये हीदरची झुडपे फुलली, की डोंगरउतार जांभळे होतात.

या डोंगरांतून चालणे सोपे नाही. पाइनच्या जुन्या रानातून वाट निघते आणि लॅरिग ग्रू नावाच्या खिंडीत शिरते. खिंडीत मोठमोठ्या दगडांचा खच पडला आहे. वरच्या पठारावर वारा फार जोराचा असतो. घटकेत ऊन, तर घटकेत धुके! १९७१ च्या नोव्हेंबरमध्ये एडिंबरा शहरातील शाळकरी मुलांचा एक गट या पठारावर हिमवादळात सापडला. त्यात पाच मुले आणि त्यांची अठरा वर्षांची मार्गदर्शक, असे सहा जण थंडीने गारठून मरण पावले. म्हणून जाणती माणसे आकाश भरून आले की छायाचित्राचा मोह सोडतात आणि माघारी फिरतात.

या रांगेत ब्रेरीआख नावाचा १,२९६ मीटर उंचीचा डोंगर आहे. त्याच्या कुशीत, उंच कड्यांखाली, एक खोलगट जागा आहे. अशा जागेला गेलिक भाषेत जो शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ ‘कढई’. उच्चार मात्र आपल्या ‘खोरे’ या शब्दासारखा! हा केवळ योगायोग आहे. हिवाळ्यात वारा पठारावरचा बर्फ उडवून या कढईत टाकतो. कड्यांच्या सावलीमुळे तेथे ऊन कमी पोचते. म्हणून सगळीकडचा बर्फ वितळला, तरी येथे एक तुकडा शिल्लक राहत असे. त्या तुकड्याला ‘स्फिंक्स’ म्हणतात.

उन्हाळा संपला, की काही मंडळी दिवसभर पायपीट करून स्फिंक्सपाशी जातात. टेप लावून त्याची लांबी मोजतात आणि छायाचित्र काढतात. विसाव्या शतकात हा तुकडा फक्त तीनदा पूर्ण वितळल्याची नोंद आहे : १९३३, १९५९ आणि १९९६ साली. त्यानंतर २००३, २००६, २०१७ आणि २०१८ साली तो वितळला. पुढे २०२१, २०२२ आणि २०२३ अशी सलग तीन वर्षे तो नाहीसा झाला. एखाद्या वर्षी बर्फ वितळला, तर ते त्या वर्षीच्या हवेमुळे झाले असे म्हणता येईल. पण तो वारंवार वितळू लागला, तर पृथ्वीचे हवामान तापत आहे याचीच तो साक्ष देतो.

सुंदर देखाव्याचे छायाचित्र पाहून मन प्रसन्न होते. स्फिंक्सची छायाचित्रे तशी सुंदर नसतात. पण दरवर्षी त्याच जागी जाऊन काढल्यामुळे त्यांना मोल आले आहे. ज्या वर्षी तेथे बर्फ नसतो, त्या वर्षीही ही मंडळी छायाचित्र काढतात. त्यात फक्त ओले दगड दिसतात. तेही छायाचित्र जपून ठेवावे लागते.

शब्दार्थ
हौशी – आवडीने काम करणारा. तांबूस – किंचित लाल. खिंड – दोन डोंगरांमधील अरुंद वाट. खच – ढीग. गारठणे – थंडीने आखडणे. पायपीट – खूप चालणे. साक्ष देणे – पुरावा देणे.

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) केअर्नगॉर्म रांगेतील सर्वांत उंच शिखर कोणते?
(आ) ‘स्फिंक्स’ कशाला म्हणतात?
२. कारणे लिहा.
(अ) केअर्नगॉर्मची ‘लाल’ आणि ‘निळा’ ही दोन्ही नावे खरी आहेत.
(आ) ब्रेरीआखच्या कुशीत बर्फ टिकून राहत असे.
३. ओल्या दगडांचे छायाचित्र जपून का ठेवावे लागते? चार-पाच वाक्यांत लिहा.
४. वाक्यांत उपयोग करा : माघारी फिरणे, पायपीट करणे, साक्ष देणे.
५. उपक्रम : शाळेजवळील एखादे झाड, विहीर किंवा ओढा निवडा. दर महिन्याला एकाच जागी उभे राहून त्याचे चित्र किंवा छायाचित्र काढा. वर्षाच्या शेवटी काय बदलले ते वर्गात सांगा.