हाताखालची माणसे

मराठीत आपण सहज म्हणून जातो, ‘माझ्या हाताखाली वीस माणसे आहेत.’ कार्यालयातील अधिकारी असे म्हणतो, बांधकामावरचा मुकादम म्हणतो, दुकानात दोन मुले कामाला ठेवलेला व्यापारीही म्हणतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सेवकवर्गाविषयी बोलताना जो अरबी शब्दप्रयोग वापरला तोही शब्दशः हाच आहे : ‘तहत ऐदीकुम’, तुमच्या हातांखाली. दोन भाषांमधील हे साम्य सुखद आहे. परंतु व्याकरणाच्या दृष्टीने पाहिले तर दोन्ही वाक्यांत मोठे अंतर आहे. आपल्या वाक्यात माणसे ‘माझी’ असतात. हदीसमधील वाक्याचा कर्ता अल्लाह आहे. ही माणसे तुमचे भाऊ आहेत आणि अल्लाहने त्यांना तुमच्या हाताखाली ठेवले आहे, असा तिचा आशय. ज्याने ठेवले, तो त्यांच्याविषयी विचारणारही आहे.

ही हदीस सहीह बुखारीत ज्या प्रसंगासह आली आहे तो लक्षात घेण्याजोगा आहे. हजरत अबू जर (रजि.) रबझा येथे राहत असताना मअरूर नावाचे गृहस्थ त्यांना भेटले. अबू जर (रजि.) यांच्या अंगावर जशी वस्त्रे होती तशीच त्यांच्या गुलामाच्या अंगावरही होती. मालक कोण आणि सेवक कोण हे कपड्यांवरून ओळखता येईना. कारण विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की, एकदा आपण एका माणसाला त्याच्या आईवरून हिणवले होते, त्यावर प्रेषितांनी (स.) आपल्यात अजून अज्ञानकाळ शिल्लक असल्याचे सुनावले आणि मग ही शिकवण दिली : स्वतः खाता त्यातले त्यांना खायला द्या, स्वतः लेता त्यातले लेवू घाला, त्यांच्या शक्तीपलीकडचे काम त्यांच्यावर लादू नका, आणि लादलेच, तर त्यांना हातभार लावा.

या शिकवणीचा पूर्वार्ध आपण पुष्कळदा ऐकतो. शेवटच्या वाक्यावर मात्र क्वचितच बोलले जाते. काम कधी कधी शक्तीबाहेर जाणारच, हे त्यात गृहीत धरले आहे. अशा वेळी प्रमुखाची जागा कामाच्या आत आहे, काठावर नाही. मार्चअखेरीचे हिशेब जुळविण्यासाठी सहकाऱ्यांना रात्री दहापर्यंत थांबवून घेणारा अधिकारी स्वतः सहा वाजता घरी निघत असेल, तर हदीसचा हा उत्तरार्ध त्याच्यापर्यंत पोहोचलेला नाही. आणि हे केवळ कचेऱ्यांपुरते आहे असेही समजू नये. आपल्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईंना ईदच्या आदल्या दिवशी दुप्पट काम पडते. त्या दिवशी घरातील किती हात त्यांच्या मदतीला जातात?

मागे कोण उभा आहे?

प्रमुखाने आपल्या माणसांची स्थिती ओळखावी, याचे सर्वांत बोलके उदाहरण मला नमाजच्या रांगेत सापडते. हजरत मुआज बिन जबल (रजि.) आपल्या वस्तीत इमामत करीत. एके रात्री पाणी वाहण्याचे दोन उंट हाकीत दिवसभर राबलेला एक मनुष्य इशाच्या जमातीत येऊन उभा राहिला. मुआज (रजि.) यांनी प्रदीर्घ सूरह बकरा सुरू केली. तो थकलेला मनुष्य जमात सोडून बाजूला झाला आणि त्याने एकट्याने नमाज पूर्ण केली. मुआज (रजि.) यांनी त्याला दांभिक ठरविले. गाऱ्हाणे प्रेषितांकडे (स.) गेले, तेव्हा ते त्या थकलेल्या माणसावर नव्हे, मुआज (रजि.) यांच्यावर रागावले. तू लोकांना कसोटीत टाकणारा आहेस काय, असे त्यांनी तीनदा विचारले. तुझ्यामागे वृद्ध, दुबळे आणि कामाची निकड असलेले लोक उभे असतात, म्हणून शम्स, लैल यांसारख्या छोट्या सूरह म्हण, असे सांगितले.

येथे मुआज (रजि.) यांच्या ज्ञानात काही उणे नव्हते आणि हेतूही पवित्र होता. त्यांनी मागे कोण उभे आहे हे पाहिले नव्हते, एवढेच. जो गळून जातो तो आळशी किंवा अप्रामाणिकच असणार, हा निष्कर्ष चांगली माणसेही किती घाईने काढतात! आज तो कामाच्या ठिकाणी रोज निघतो. दोन तास बसने प्रवास करून येणारी तरुणी बैठकीत डुलकी घेते. तिच्या मूल्यमापनात ‘कामात रस नाही’ असा शेरा पडतो.

पुढची गोष्ट विसरू नये. ज्यांना अशा कडक शब्दांत समज दिली, त्याच मुआज (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) नंतर येमेनला जबाबदारीच्या पदावर पाठविले. सोबत हजरत अबू मूसा (रजि.) होते. दोघांना केलेला उपदेश असा की, लोकांसाठी सोपे करा, अवघड करू नका. आनंदाची वार्ता द्या, त्यांना दूर पळवू नका.

नजरेआडचे काम

कामाचे स्वरूप गेल्या काही वर्षांत फार पालटले आहे. २०२० च्या टाळेबंदीनंतर पुण्या-मुंबईतील पुष्कळ संगणक अभियंते घरून काम करू लागले, आणि प्रमुखाला आपली माणसे दिसेनाशी झाली. जुम्याच्या नमाजनंतर थांबून मला या विषयाचे प्रश्न विचारले जातात. घरी बसलेला माणूस खरोखर काम करतो की नाही हे कसे कळावे? त्याच्या संगणकावर नजर ठेवणे योग्य आहे काय?

कामाची तपासणी हा प्रमुखाचा हक्कच आहे, किंबहुना कर्तव्य आहे. तपासणी कशाची व कशी होणार हे आधी उघडपणे सांगितले असेल आणि ती कामापुरती असेल, तर तिच्यात गैर काही नाही. परंतु चोरून पाळत ठेवणे, माणसाच्या खासगी गोष्टींत डोकावणे, हे सूरह हुजुरातच्या १२ व्या आयतीत निषिद्ध ठरविलेल्या हेरगिरीत मोडते. अबू दाऊद यांच्या संग्रहात एक मार्मिक हदीस आहे : अधिकारी लोकांमध्ये संशयाच्या जागा शोधू लागला की तो त्यांना बिघडवून टाकतो. अनुभवही असाच आहे. ज्याच्यावर सतत संशय घेतला जातो, तो काम करण्यापेक्षा काम करताना दिसण्याची कला शिकतो.

सूरह नम्लमध्ये हजरत सुलैमान (अ.) पक्ष्यांची हजेरी घेतात आणि हुदहुद दिसत नाही. त्यांचा पहिला उद्गार ‘तो कुठे गेला?’ असा नाही. मला काय झाले की तो मला दिसत नाही, अशी त्यांच्या बोलण्याची सुरुवात आहे. आधी स्वतःच्या पाहण्याविषयी शंका, मग ‘की तो गैरहजर आहे?’ हा प्रश्न. शिक्षेचा इशारा कठोर आहे, पण त्याला जोडूनच सबळ कारण सांगण्याची मुभाही ठेवली आहे. हुदहुद परततो आणि आपल्या सम्राटाला निःसंकोचपणे सांगतो की, जे तुम्हाला ठाऊक नाही ते मी जाणून आलो आहे. एवढासा पक्षी असे बोलू शकतो, यावरून त्या दरबाराचे वातावरण कळते. सुलैमान (अ.) त्यावर ना भडकतात, ना डोळे झाकून विश्वास ठेवतात, तू खरे बोललास की नाही हे आम्ही पाहू, म्हणतात आणि त्याच्याच हाती पत्र देऊन त्याला सबाकडे धाडतात. शहानिशा झाली, आणि तीही त्याच्यावर नवे काम सोपवून.

उहुदनंतरची आज्ञा

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. हाताखालच्या माणसांशी सौम्यतेने वागावे, त्यांचा सल्ला घ्यावा, हे आज व्यवस्थापनाच्या प्रत्येक शिबिरात सांगितले जाते. सर्व सुरळीत चाललेले असताना ते कठीणही नसते. प्रश्न असा आहे की, माणसांनी घात केल्यावर काय करावे?

हिजरी ३ मध्ये, म्हणजे इ.स. ६२५ मध्ये, मक्केचे तीन हजारांचे सैन्य मदीनेवर चालून आले. शहरातच राहून प्रतिकार करावा, असा प्रेषितांचा (स.) स्वतःचा कल होता. त्यांनी सहाबांचे मत विचारले. बद्रच्या लढाईत सहभागी होता न आलेल्या तरुणांनी बाहेर पडून लढण्याचा आग्रह धरला आणि तो मान्य झाला. चिलखत चढवून प्रेषित (स.) बाहेर आले तेव्हा आग्रह धरणाऱ्यांना पश्चात्ताप झाला, परंतु झालेला निर्णय आता फिरविण्यास त्यांनी नकार दिला. वाटेत अब्दुल्लाह बिन उबय्य सुमारे तीनशे माणसे घेऊन माघारी वळला. उहुदच्या पायथ्याशी पन्नास तिरंदाजांना एका टेकडीवर नेमून, काहीही झाले तरी जागा सोडू नका, अशी स्पष्ट ताकीद दिलेली होती. विजय दिसू लागताच त्यांपैकी बहुतेक जण खाली उतरले. त्यांचे नायक अब्दुल्लाह बिन जुबैर (रजि.) थोड्या साथीदारांसह जागेवर राहिले आणि तेथेच शहीद झाले. मागून हल्ला आला. सत्तर सहाबा धारातीर्थी पडले, प्रेषितांचे (स.) चुलते हजरत हमजा (रजि.) त्यांत होते. प्रेषितांचा (स.) स्वतःचा दात तुटला, मुखावर जखमा झाल्या.

सल्ला घेतला होता, त्याची परिणती ही. विश्वासाने टेकडी सोपविली होती, त्याची परिणती ही. कोणताही सेनापती येथून पुढे एकहाती कारभार करता, तर जगाने त्याला दोष दिला नसता. अशा क्षणी सूरह आले-इमरानची १५९ वी आयत अवतरली. अल्लाहच्या कृपेनेच तुम्ही या लोकांशी मृदू वागलात, तुम्ही कठोर व पाषाणहृदयी असता तर ते तुमच्याभोवतून पांगले असते, असे सांगून तिच्यात क्रमाने तीन गोष्टी सांगितल्या : त्यांना माफ करा, त्यांच्यासाठी क्षमायाचना करा, आणि कामकाजात त्यांचा सल्ला घ्या. मग निश्चय झाला की अल्लाहवर भरवसा ठेवा.

क्रम नीट पाहावा. माफी देणे म्हणजे आपल्या मनातील राग काढून टाकणे. क्षमायाचना करणे म्हणजे एकांतात, ते समोर नसताना, त्यांचे भले मागणे. पण हे दोन्ही करूनही माणूस आतून तुटलेलाच राहू शकतो. ‘साहेबांनी माफ केले, पण आता कशात विचारत नाहीत’ ही अवस्था नोकरदार वाचकांना सांगायला नको. म्हणून तिसरी आज्ञा. ज्यांचे मत घेऊन पराभव पत्करावा लागला, त्यांचेच मत पुन्हा घ्या.

याचा अर्थ चुकीवर पांघरूण घालणे असा मुळीच नाही. त्याच सूरहच्या १५२ व्या आयतीत मतभेद, अवज्ञा आणि ऐहिक लाभाची इच्छा या तिन्ही गोष्टींचा स्पष्ट उल्लेख आहे. मात्र टेकडी सोडणाऱ्या एकाचेही नाव कुरआनमध्ये नाही. प्रेषितांची (स.) रीतही अशीच होती, लोकांना काय झाले आहे की ते असे करतात, असे ते सर्वांसमोर बोलत आणि व्यक्ती झाकून ठेवीत. पंचवीस जणांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात एकाचे नाव घेऊन त्याची चूक टाकणाऱ्या प्रमुखांनी यावर विचार करावा.

सल्ला घेणे थांबले नाही याचे फळ दोनच वर्षांनी दिसले. हिजरी ५ मध्ये मदीनेला वेढा पडण्याची वेळ आली, तेव्हा खंदक खणण्याची कल्पना हजरत सलमान फारसी (रजि.) यांनी मांडली, असे इतिहासकार नोंदवितात. अरबांना हे तंत्र परके होते. मांडणारा इराणातून आलेला, नुकताच गुलामीतून सुटलेला मनुष्य. उहुदनंतर मदीनेत बोलण्याची भीती पसरली असती, तर हा आवाज उठला असता काय? आणि खंदक खणताना प्रेषित (स.) स्वतः माती वाहत होते, इतकी की पोटावरची त्वचा धुळीने झाकून गेली होती.

वयाने लहान प्रमुख

इचलकरंजीच्या किंवा भिवंडीच्या एखाद्या कारखान्यात पाहा. धोट्याच्या मागावर तीस वर्षे घालविलेला कारागीर आज संगणकावर चालणाऱ्या मागापुढे उभा आहे आणि त्याला सूचना देणारा पदविकाधारक त्याच्या मुलाच्या वयाचा आहे. बँकांत, आखाती देशांतील बांधकामांवर, सगळीकडे हे घडते आहे. दोन्ही बाजूंनी मन दुखते. तरुणाला वाटते, हे ऐकत नाहीत. ज्येष्ठाला वाटते, माझ्या अनुभवाची किंमत संपली.

हिजरी ११ मध्ये प्रेषितांनी (स.) हजरत उसामा बिन जैद (रजि.) यांना सेनापती नेमले. त्यांचे वय विशीच्या आतबाहेर होते आणि हाताखाली हजरत उमर (रजि.) यांच्यासारखे ज्येष्ठ होते. हेच उसामा (रजि.) पूर्वी एका चकमकीत कलिमा उच्चारलेल्या माणसाला ठार करून आले होते, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना पुनःपुन्हा इतके तीव्रपणे विचारले होते की, आपण आजच इस्लाम स्वीकारला असता तर बरे झाले असते, असे त्यांना वाटले. ती समजही खरी आणि ही नेमणूकही खरी. लोकांनी कुरकुर केली, तेव्हा आजारी असतानाही प्रेषितांनी (स.) मिंबरवर येऊन सांगितले की, याच्या पित्याच्या नेतृत्वावरही तुम्ही पूर्वी आक्षेप घेतले होते, आणि तो त्या पदाला योग्य होता.

प्रेषितांच्या (स.) निधनानंतर हे सैन्य निघाले. खलीफा हजरत अबू बक्र (रजि.) निरोप द्यायला पायी चालत होते आणि उसामा (रजि.) घोड्यावर होते. ‘आपण तरी बसा, नाहीतर मी उतरतो,’ असे उसामांनी विनविले. खलीफांनी दोन्ही नाकारले. राज्यकारभारासाठी त्यांना उमर (रजि.) मदीनेत हवे होते. ते खलीफा होते, नुसती आज्ञा पुरेशी होती. परंतु उमर (रजि.) आता उसामांच्या सैन्यातील शिपाई होते. म्हणून साठीतल्या अबू बक्र (रजि.) यांनी त्या तरुणाला विचारले की, तुम्हाला योग्य वाटत असेल तर उमर यांना माझ्या मदतीसाठी ठेवून जाल काय? उसामांनी परवानगी दिली आणि उमर (रजि.) मदीनेत राहिले.