‘माझा नंबर कधी येईल?’ : कराओकेवरून मागणीपत्राचा पाठ



मागणीपत्र आपण दरवर्षी शिकवतो. रोपे मागवा, पुस्तके मागवा. मुलं नमुना पाठ करतात, गुणही मिळतात. पण स्वतःला खरोखर हवी असलेली गोष्ट त्यांना नीट मागता येते का? या वर्षी आठवीला हा घटक मी कराओकेवरून शिकवला. तो कसा घेतला, ते इथे मांडतो.

प्रसंग

आपल्या नागपुरात कराओके नवीन नाही. वाढदिवस असो, सोसायटीचा कार्यक्रम असो, जुनी गाणी म्हणणारे हौशी गायक घरोघरी आहेत. आमच्या शाळेच्या पालकमेळाव्यातही पटांगणात कराओके ठेवला होता. 24 नावं आली. लॅपटॉपवर गाणी लावणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये यादी होती, पण ती फक्त चालवणाऱ्यालाच दिसायची. एक आजी तासभर बसल्या. "काहून बाप्पा, माझा नंबर येते का नाही?" असं दोनदा विचारलं आणि शेवटी नातीचा हात धरून घरी गेल्या. त्यांचं नाव पुढून तिसरं होतं! ती नात माझ्याच वर्गात आहे.

आधी थोडी माहिती

कराओके हा जपानी शब्द. ‘कारा’ म्हणजे रिकामा आणि ‘ओके’ हा ऑर्केस्ट्रा शब्दाचा तुकडा. 1967 मध्ये शिगेइची नेगिशी यांनी आणि 1971 मध्ये कोबे शहरात दाइसुके इनोउए यांनी अशी यंत्रं बनवली. इनोउए वादक होते. एका ग्राहकाने त्यांना सहलीत साथीला बोलावलं. जाणं जमेना, म्हणून त्यांनी त्या ग्राहकाच्या आवाजाला जुळेल अशी साथ टेपवर भरून दिली. त्यातून त्यांना यंत्राची कल्पना सुचली. म्हणजे हे यंत्र एका मागणीतून जन्मलं. हे सांगितलं की मुलांचा उत्साह वाढतो.

पहिला मसुदा

मुलांना म्हटलं, "सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना पत्र लिहा." बहुतेकांनी लिहिलं : ‘तुमचे सॉफ्टवेअर खराब आहे. खूप लोक वैतागले. लवकर सुधारा.’

मी फळ्यावर चार प्रश्न लिहिले :

1. काय सुधारायचं, हे वाचणाऱ्याला कळलं का?
2. ‘खूप लोक’ म्हणजे किती?
3. तुम्ही सध्या काय करून काम भागवता?
4. ही सोय त्यात आधीच आहे का, हे पाहिलं का?

चौथ्या प्रश्नाने गंमत झाली. एकाला गाण्याची पट्टी बदलायची सोय हवी होती. मेनू उघडला तर ती होतीच! काळी एकमधलं गाणं दोन अर्धस्वर वर नेलं की काळी दोनमध्ये येतं, हे पेटी शिकणाऱ्या मुलीने लगेच सांगितलं. आधी शोधावं आणि मग मागावं, हा धडा तिथेच मिळाला.

गणिताची जोड

एक गाणं 5 मिनिटांचं, माणूस बदलायला 1 मिनिट. 24 × 6 = 144 मिनिटं. कार्यक्रम 6 वाजता सुरू झाला आणि उघड्यावरचा ध्वनिक्षेपक रात्री 10 ला बंद करायचा, तर हाताशी 240 मिनिटं. उरलेल्या 96 मिनिटांत 16 जण दुसऱ्यांदा गातील, 8 जण राहतील. मग प्रत्येकाला दोन गाणी कबूल करता येतील का? नाही. हे आधी कळलं तर कोणी रुसणार नाही. ‘अंदाजे वेळ दाखवा’ ही मागणी या हिशोबातून निघाली.

सोय कोणाची?

एका मुलाने सुचवलं, "सर, नाव वर सरकवायचं बटण मागू. पाहुणे आले की पटकन घेता येईल." वर्गात वाद झाला. पाहुण्यांची सोय झाली, पण रांगेतल्यांचं काय? तेव्हा ती नात हळूच म्हणाली, "माझ्या आजीला लवकर नंबर नको होता सर. कधी येईल, तेवढंच पाहिजे होतं." मला वेगळं काही समजावून सांगावं लागलं नाही. बटणाची मागणी मुलांनी स्वतःच खोडली.

तयार झालेलं पत्र (मुख्य भाग)

> विषय : पुढील गायकांची नावे पडद्यावर दाखवण्याबाबत.
>
> महोदय,
>
> आमच्या शाळेतील कार्यक्रमात आम्ही आपले सॉफ्टवेअर वापरले. 24 गायक होते. यादी फक्त चालवणाऱ्याला दिसत असल्याने आपला क्रमांक कधी येईल हे गायकांना कळत नव्हते. एक ज्येष्ठ गायिका न गाता परत गेल्या. सध्या आम्ही फळ्यावर नावे लिहितो, परंतु क्रम बदलला की ती पुसून पुन्हा लिहावी लागतात.
>
> दोन गाण्यांच्या मधल्या वेळेत पुढील पाच नावे व अंदाजे वेळ मोठ्या पडद्यावर दिसावी, ही विनंती. नावे देवनागरीतही नीट दिसावीत. आपल्याला अडचण असल्यास तसे कळवावे.

पहिल्या मसुद्याशी तुलना करून पाहा. यात राग नाही, अतिशयोक्ती नाही. आधी अडचण, मग सध्याचा उपाय, शेवटी एकच मागणी.

घरी करण्यासाठी

पालकहो, मुलाने नवीन काही मागितलं तर लगेच हो-नाही म्हणू नका. त्याला चार ओळी लिहायला सांगा : अडचण काय, कोणाला, सध्या कसं भागतं, नेमकं काय हवं. अर्ध्या मागण्या लिहितानाच गळून पडतील आणि उरतील त्या ऐकण्याजोग्या असतील.

पत्राचं उत्तर अजून आलेलं नाही. पुढच्या मेळाव्यात फळ्यावर नावं लिहायचं काम मात्र त्या नातीने मागून घेतलं आहे. यादीत पहिलं नाव आजीचं लिहायचं का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "नाही सर, ज्या नंबरला येईल त्या नंबरला."