आवक अशीच चढी राहिली तर?

एका शेतकरी गटासाठी मी कांद्याच्या भावाचा अंदाज बांधणारं मॉडेल केलं होतं. लासलगावचा आठवड्याचा सरासरी भाव, आवक, पाऊस, डिझेलचा दर आणि त्याच्या आदल्या आठवड्याचा भाव, एवढा मालमसाला. पुढच्या आठवड्याचा अंदाज बऱ्यापैकी जुळायचा. मग गटाने विचारलं, भाव नेमका हलतो कशाने?

मी एकेक घटक हलवून पाहिला. आठवड्याची आवक दहा हजार क्विंटलने वाढवली, तर भाव क्विंटलमागे ४० रुपयांनी उतरला. दीड हजाराच्या भावात ४० रुपये! ‘आवकेने फारसा फरक पडत नाही,’ असं मी लिहून दिलं. त्या भरवशावर काहींनी उन्हाळ कांदा चाळीतच ठेवला. आवक चढली ती चढलीच. भाव आठवड्यागणिक खाली गेला आणि तोवर चाळीतला माल वजनाला घटला, काही सडलाही. त्या कागदावर सही माझी होती.

गटातल्या एका वयस्कर काकांनी तो कागद हातात धरून विचारलं, “एकच आठवडा का धरलात? आवक अशीच चढी राहिली तर?”

चूक तिथेच होती. मी आवक हलवली, पण आदल्या आठवड्याचा भाव जागच्या जागी ठेवला. वास्तविक आज उतरलेला भावच पुढच्या आठवड्यात मॉडेलमध्ये परत येतो. माझ्या मॉडेलमध्ये त्याचा गुणांक ०.९ होता. म्हणजे घट पहिल्या आठवड्यात ४०, दुसऱ्यात ७६, तिसऱ्यात १०८, आठव्यात २२८ आणि सरतेशेवटी ४०० च्या घरात. चाळीसला १ वजा ०.९ ने, म्हणजे ०.१ ने भागलं की हा शेवटचा आकडा हाती येतो. दोन मिनिटांचा हिशेब, जो मी केला नव्हता.

म्हणून कळकळीने सांगतो, घटक हलवलात की मॉडेलचाच अंदाज त्याला परत भरवत पुढचे आठवडे चालवून पाहा. जोडीने हलणारे घटक जोडीनेच हलवा. मुसळधार पावसात लिलावाला गाड्या कमी येतात. पाऊस वाढवून आवक तशीच ठेवलीत, तर असा आठवडा बाजाराने क्वचितच पाहिलेला असतो. आणि एखाद्या घटकाचं महत्त्व जोखायला त्याचे आकडे पिसून बघायचे असतील, तर सुटे आठवडे पिसू नका, सलग तुकडे उचला. नाहीतर एप्रिलची आवक नोव्हेंबरात जाऊन बसते.

निर्यातबंदीचं वेगळंच. ती सप्टेंबर २०१९, सप्टेंबर २०२० आणि डिसेंबर २०२३ मध्ये आली. मधल्या मोकळ्या काळावरच शिकवलेलं मॉडेल बंदीचा परिणाम शून्य दाखवेल, कारण त्याने बंदी पाहिलेलीच नाही.

गटाला दिलेल्या नव्या कागदावर आवकेपुढे मी दोन आकडे लिहिले, पहिल्या आठवड्याचा आणि आठव्याचा. निर्यातीच्या रकान्यात आकडा घातला नाही. तिथे लिहिलं, ‘मॉडेलला माहीत नाही.’