ईसीयू बोलत नाही, म्हणजे नेमकं काय?

आपल्यातले बरेच जण उद्या पिंपरी-चिंचवड किंवा चाकणला नोकरीला लागतील. तिथे 'ईसीयू बोलत नाही' हे वाक्य कधी ना कधी कानावर पडेलच. बहुतेक ठिकाणी त्यावरचा पहिला इलाज म्हणजे ईसीयू बदलणे. खर्च हजारोंच्या घरात, आणि तोवर ट्रक उभा. हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून हा लेख.

आधी थोडी थिअरी. गाडीतले कॉम्प्युटर दोनच तारांवर बोलतात. ही 'कॅन बस' बॉश कंपनीने १९८६ साली जगासमोर मांडली. ट्रकमध्ये तिच्यावर जे-१९३९ ही भाषा चालते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ च्या ट्रकमध्ये नॉक्स सेन्सरसुद्धा याच पद्धतीने बोलतात. हॉस्टेलच्या कॉरिडॉरसारखंच आहे हे: एकाने हाक मारली की सगळ्यांना ऐकू जाते, ज्याचं काम असेल तो लक्ष देतो.

दोन तारांना पीळ असतो. बाहेरचा गोंगाट दोन्हींवर जवळपास सारखाच बसतो आणि वजाबाकीत निघून जातो. म्हणून जोड देताना पीळ मोडू नका.

आता तपासणीचा क्रम.

१. तक्रार कोण कोणाविरुद्ध करतंय ते वाचा. एबीएस आणि डॅशबोर्ड दोघेही 'इंजिनाचा संदेश येत नाही' म्हणत असतील, तर संशय इंजिन ईसीयूच्या सप्लायवर किंवा त्याच्या फांदीवर. सगळेच एकमेकांविरुद्ध ओरडत असतील तर मुख्य लाइन बघा.

२. चावी बंद, बॅटरी काढलेली. दोन तारांमध्ये ओहम मोजा. दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर समांतर असतात, म्हणून ६० यायला हवेत. १२० आले तर एक रेझिस्टर गायब किंवा तार तुटलेली. शून्याजवळ आले तर तारा एकमेकींना चिकटल्या. ४० आले तर कोणीतरी तिसरा रेझिस्टर लावून ठेवलाय! (काही वेळा रेझिस्टर ईसीयूच्या आतच असतो, त्यामुळे तो काढल्यावर १२० दिसले तर घाबरू नका.)

३. चावी चालू. जमिनीच्या तुलनेत कॅन हाय २.५ व्होल्टच्या थोडी वर, कॅन लो थोडी खाली दिसावी. एखादी तार शून्यावर किंवा बॅटरीच्या व्होल्टेजवर अडकली असेल तर शॉर्ट आहे. मग एकेक कनेक्टर काढत जा. ज्याला काढल्यावर बस जिवंत होते, दोष तिथेच.

४. सप्लाय तपासा, पण लोडवर.

हा चौथा मुद्दा मी निगडीच्या ट्रान्सपोर्ट नगरात एका मिस्त्रींकडून शिकलो. ट्रक सुरू होत नव्हता. 'ईसीयू गेला' असं दुसरीकडे सांगून झालं होतं. ६० ओहम बरोबर, बसचे व्होल्टेज बरोबर, ईसीयूच्या कनेक्टरवर मीटर २४ व्होल्टही दाखवत होता. मिस्त्री म्हणाले, "मीटरला करंट लागतो कुठं? बल्ब लाव." २४ व्होल्टचा २१ वॉटचा बल्ब त्याच पिनांवर लावला, तर मिणमिणता. बल्बचं दुसरं टोक अर्थ पिनेऐवजी चॅसिसला लावलं, तर लख्ख! म्हणजे प्लस ठीक, अर्थ खराब. अर्थचा लग पावसाच्या पाण्याने हिरवा पडला होता. पॉलिश पेपरने घासला, बोल्ट आवळला, ट्रक सुरू. "उपाशी माणूस बोलणार कसा?" एवढंच ते म्हणाले.

मीटर स्वतः जवळजवळ करंट ओढत नाही. त्यामुळे गंजलेल्या जोडावर व्होल्टेज पडतच नाही आणि सगळं ठीक दिसतं. ओहमचा नियम आपण पहिल्या वर्षी घोकतो, तो इथे उपयोगी पडतो.

लक्षात ठेवा, फॉल्ट कोड म्हणजे तक्रार आहे, निकाल नव्हे. जो गप्प आहे तोच गुन्हेगार असेल असं नाही. ईसीयूची ऑर्डर देण्याआधी मल्टीमीटर, एक बल्ब आणि गाडीचा वायरिंग डायग्राम घेऊन अर्धा तास बसा. कोणाचा तरी महिन्याचा हप्ता वाचेल.