संगणकावरील मराठी : खुणा आणि वाक्ये

संगणकाच्या पडद्यावरील मजकूर मराठीत आणताना अनुवादकापुढे निव्वळ शब्द येत नाहीत. त्यांच्यात आज्ञावलीच्या खुणाही गुंफलेल्या असतात. काही कोनी कंसांतील जोडखुणा मधला शब्द ठळक करतात. खुणांचे भाषांतर करावयाचे नसते. पण तो शब्द मराठी वाक्यात जिथे जाईल, तिथे जोडी न तोडता न्यावी लागते.

टक्केचिन्हाची खूण म्हणजे रिकामी जागा. तिथे आज्ञावली ऐनवेळी एखादे नाव भरते. इथेच आपल्या व्याकरणाची कसोटी लागते. खुणेला ‘हून’ प्रत्यय चिकटवला, तर ‘पुण्याहून’ऐवजी ‘पुणेहून’ उमटते. यंत्राला सामान्यरूप ठाऊक नसते. ‘पुणे या ठिकाणाहून’ अशी रचना केली की अडचण सरते. दोन जागांचा क्रम मराठीत उलटत असेल, तर पुष्कळ आज्ञावलींत खुणांना १, २ असे क्रमांक देता येतात.

लांबलचक इंग्रजी वाक्याची खुशाल दोन वाक्ये करावीत. मात्र एकही खूण गळू नये.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. इंग्रजी न येणारी माझी आई मोबाइलवर अशीच वाक्ये वाचते. ती अडली, तर तो दोष तिच्या शिक्षणाचा नव्हे, अनुवादाचा होय.